मांडणशिल्प, जागा आणि बघणारा माणूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनं उभी करणं हे माझं काम. शिडीवर चढायचं, वायरी ओढायच्या, सुताराशी हुज्जत घालायची आणि उद्घाटन झालं की कोपऱ्यात उभं राहून लोक काय करतात ते बघायचं. या शेवटच्या कामाचे पैसे मिळत नाहीत, पण शिकायला तिथेच मिळतं. मित्र, विद्यार्थी, कधी दारावरचा सुरक्षारक्षकसुद्धा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मांडणशिल्प म्हणजे काय? शिल्पापेक्षा ते वेगळं कसं?

इन्स्टॉलेशनसाठी मराठीत मांडणशिल्प हा शब्द आता रुळलाय आणि मला तो मूळ शब्दापेक्षा आवडतो, कारण त्यात भर मांडण्यावर आहे. पुतळ्याभोवती आपण फिरतो. मांडणशिल्पात आपण शिरतो, आणि शिरल्यावर इतरांना आपणही त्या मांडणीचा भाग म्हणून दिसायला लागतो. पुतळा या चौकातून उचलून त्या चौकात नेला तरी पुतळाच राहतो. आपल्या शहरांत हे नेहमीचंच. मांडणशिल्प असं हलवलं की बहुतेक वेळा त्याचं दुसरंच काहीतरी होतं.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९४२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरिअ‍ॅलिस्ट (म्हणजे स्वप्नांतल्यासारखी चित्रं काढणाऱ्या) चित्रकारांचं प्रदर्शन होतं, तेव्हा मार्सेल द्युशांने दालनभर दोरा ताणून त्याचं जाळं केलं. चित्रं मागे, लोक पुढे, मध्ये दोरा. उद्घाटनाला मुलांना चेंडू खेळायला बोलावलेलं. नटूनथटून आलेल्या पाहुण्यांनी एकीकडे दोरा चुकवायचा, दुसरीकडे चेंडू. त्या दिवशी चित्रं किती जणांना नीट दिसली असतील कोण जाणे.

जागा माणसाला काही करायला लावते, हे जरा कवितेसारखं वाटतं. ठोस उदाहरण आहे का?

आहे, आणि तेच मी सगळ्यांना सांगतो. लंडनमध्ये टेम्सच्या काठी बँकसाइडचं वीजघर होतं. ते बंद पडलं आणि २००० साली तिथे टेट मॉडर्न हे संग्रहालय उघडलं. यंत्रं निघाली, त्यांची पोकळी राहिली. तिला आजही टर्बाइन हॉलच म्हणतात: सुमारे दीडशे मीटर लांब, ३५ मीटर उंच. पश्चिमेच्या दारातून आत आलात की पायाखालची जमीन उतरत जाते. तिकीट नाही. त्यामुळे ‘पैसे दिलेत तर सगळं बघून घेऊ’ ही घाई नाही, आणि उतारामुळे पाय आपोआप सैल सुटतात. पोरं तर तिथे गडगडत खाली जातात.

ऑक्टोबर २००३ मध्ये ओलाफुर एलियासनने या दालनात ‘वेदर प्रोजेक्ट’ मांडला. टोकाच्या भिंतीवर दिव्यांपुढे पडदा लावून केलेलं अर्धवर्तुळ. वर सगळ्या छताला आरसा, म्हणजे अर्ध्याचा पूर्ण सूर्य झाला. हवेत हलकं धुकं. दिवे असे, की पिवळ्याखेरीज दुसरा रंग दिसायलाच नको. लाल स्वेटर आणि हिरवा कोट एकाच मातकट छटेचे. काही महिन्यांत वीस लाखांहून जास्त माणसं येऊन गेली, आणि त्यातली असंख्य चक्क जमिनीवर आडवी झाली.

‘झोपा’ असा फलक कुठेच नव्हता. मग का झोपली? विचार करा. आरसा इतक्या उंचावर की त्यात बघायचं तर मान मोडून वर बघायला हवं. दोन मिनिटांत मान दुखते, माणूस बसतो, मग आडवा होतो. आडवं झाल्यावर वर दिसतात मुंगीएवढी शेकडो माणसं. त्यातले आपण कोण? शोधायला एक हात हलवून बघायचा. एक मुंगी हात हलवते. सापडलो! शेजारचा अनोळखी माणूसही तेच करत असतो. मग ओळखपाळख नसलेली माणसं मिळून अंगांनी चांदण्या करतात, अक्षरं करतात. हे सगळं त्या उंचीनं करवून घेतलं. तोच आरसा डोक्यावर तीन मीटरवर लावला असता तर लोकांनी केस सारखे केले असते आणि पुढे गेले असते.

म्हणजे त्या दालनात काहीही ठेवलं तरी लोक झोपतात?

नाही. ब्रूस नाउमनने २००४ मध्ये तेच दालन जवळजवळ रिकामं ठेवलं आणि दोन्ही बाजूंना ओळीने स्पीकर लावले. चालत गेलात की एक आवाज मागे पडतो, दुसरा सुरू होतो. तिथे लोक चालत राहिले, कारण थांबलं तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर.

२००७ मध्ये दोरिस साल्सेदोने जमिनीलाच भेग पाडली, वेडीवाकडी, १६७ मीटर लांब. सुरुवात केसाएवढी, पुढे हात जाईल एवढी. आता तेवढ्याच उंच दालनात एकही माणूस वर बघेना. सगळ्यांच्या माना खाली. कोणी भेगेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून चाललं, कोणी मुलाचा हात घट्ट धरला, काही जण ठेचकाळले. साल्सेदो कोलंबियाची. युरोपात कोणाला आत घेतलं जातं आणि कोणाला बाहेर ठेवलं जातं, ही रेघ तिला दाखवायची होती. ती चित्रातून दाखवली असती तर लोकांनी ‘अरेरे’ म्हटलं असतं. इथे त्यांना ती ओलांडायला लागली.

आणि मिरोस्वाव बाल्का. २००९ मध्ये त्याने खांबांवर उचललेला प्रचंड पोलादी डबा ठेवला, १३ मीटर उंच, ३० मीटर लांब. मागच्या बाजूने उतरण चढून आत जायचं. आत मिट्ट काळोख. माणसं हात पुढे करून, पाय घासत चालायची, आणि समोरच्या परक्या माणसाला धडकली की ‘सॉरी’ म्हणून हसायची. काळोखात माणूस हळू बोलतो, हे कोणी शिकवायला लागत नाही.

सहभाग म्हणजे हात लावू देणं ना?

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त छळतो. हात लावू देणं ही सहभागाची एक तऱ्हा, आणि सांभाळायला सगळ्यात अवघड. रॉबर्ट मॉरिसने १९७१ मध्ये लंडनच्याच जुन्या टेट गॅलरीत उतरणी, तुळया, लोळवायचे मोठे रूळ असं सगळं मांडलं आणि लोकांना खेळायला दिलं. लोक इतक्या जोमाने खेळले की जखमा झाल्या, सामान मोडलं, आणि प्रदर्शन काही दिवसांतच बंद करावं लागलं. २००९ मध्ये ते पुन्हा मांडलं, यावेळी टर्बाइन हॉलमध्ये आणि जास्त भक्कम.

आय वेवेचं उदाहरण उलट दिशेचं. २०१० मध्ये त्याने त्याच दालनात सूर्यफुलाच्या १० कोटी बिया पसरल्या. प्रत्येक बी चिनी मातीची, जिंगदेझेनच्या कारागिरांनी हाताने रंगवलेली. लोकांनी त्यावर चालावं, मूठभर उचलून बघाव्यात, हाच बेत. पायाखाली बिया घासल्या जाऊन बारीक धूळ उडायला लागली. ती फुप्फुसांना वाईट, म्हणून थोड्याच दिवसांत चालणं बंद झालं. ज्यांनी पहिल्या दिवसांत त्यावर चालून पाहिलं त्यांना आठवतो तो करकर आवाज. नंतरच्यांना आठवतो एक करडा, शांत पट्टा. बिया त्याच, दालन तेच. मला विचाराल तर ही दोन वेगळी कामं झाली.

फेलिक्स गोन्झालेझ-टोरेसने १९९१ मध्ये दालनाच्या कोपऱ्यात खायच्या गोड गोळ्यांचा ढीग ओतला. आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे ७९ किलोच्या आसपास. एड्सने गेलेल्या जोडीदाराची ही प्रतिमा. बघणाऱ्याने गोळी उचलायची, खायची. ढीग कमी होत जातो, पुन्हा भरताही येतो. ढीग कोपऱ्यात आहे हे विसरू नका. दालनाच्या मधोमध चौथऱ्यावर असता तर गोळीला हात लावायची हिंमत कोणाची झाली नसती. कोपरा म्हणजे घरातला कोपरा, जिथे धान्याचं पोतं असतं.

अरुंद जागेत वेगळं काय होतं?

अंग चोरावं लागतं, आणि अंग चोरलं की मन सावध होतं. आपल्या जुन्या देवळांत गाभाऱ्याचं दार ठेंगणं असतं. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, मग भाव असो नसो.

नाउमननेच १९७० मध्ये एक बोळ बांधला, जेमतेम एक माणूस जाईल एवढा. टोकाला दोन टीव्ही, एकावर एक. एकावर रिकाम्या बोळाचं आधी केलेलं चित्रण चालू. दुसऱ्यावर तुम्ही, पण कॅमेरा तुमच्या मागे, दाराजवळ उंचावर. टीव्हीकडे जावं तसे तुम्ही कॅमेऱ्यापासून लांब जाता, म्हणून पडद्यावर तुमची पाठ लहान लहान होत जाते. स्वतःला गाठायला निघालेला माणूस स्वतःपासून लांब जातो. मोठ्या हॉलमध्ये हेच केलं असतं तर लोक बाजूला सरकून ‘अच्छा, कॅमेरा तिथे आहे’ म्हणाले असते. बोळात बाजूच नाही.

लोक आत शिरतच नाहीत. दारातून डोकावतात आणि जातात. आमचं काय चुकतं?

एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या हॉलमध्ये आम्ही एक काम मांडलं होतं. खोली काळोखी केली, दाराला जाड पडदा, मधोमध जाड्या मिठाचं मोठं वर्तुळ आणि त्यावर खाली आणलेला एकच बल्ब. लोकांनी मिठावरून चालत जावं, पाऊल उमटावं, एवढी साधी अपेक्षा. संध्याकाळी गर्दी झाली. एकेक जण पडदा बाजूला करायचा, चपला बाहेर काढायचा, आत येऊन भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. एका आजींनी हात जोडले. मिठावर पाऊल कोणाचंच नाही.

चूक आमची. पडदा, काळोख, मधोमध एक दिवा: आम्ही नकळत गाभारा बांधला होता, आणि गाभाऱ्यात कसं वागायचं ते लोकांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी पडदा काढला, बल्ब उचलून समोरच्या कोपऱ्यात नेला, आणि मीठ दारापर्यंत आणलं, उंबऱ्याला टेकेल असं. आता आत यायचं तर मिठावरूनच. पहिल्यांदा सातवीची मुलं धावत सुटली. दुपारपर्यंत मीठ सगळीकडे झालं होतं आणि शिपाईमामा आमच्यावर चिडले होते.

तेव्हा फलक लिहिण्याआधी तुमचा उंबरा बघा.

मग गणपतीचा देखावा हेही मांडणशिल्पच की?

हा प्रश्न थट्टेने विचारतात, पण चांगला आहे. उंची, उजेड, आवाज, कापड आणि हजारो माणसं हाताळण्याचं जे ज्ञान मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे असतं, ते कलाशाळेत मिळत नाही. मुंबईत मोठ्या मंडळांसमोर नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते. मूर्ती एकच, पण एका रांगेतला माणूस पायाला हात लावतो, दुसऱ्या रांगेतला लांबून बघतो. कोणाला काय अनुभव मिळणार हे बांबूच्या कठड्याने ठरवलेलं आहे.

फरक मला एवढाच दिसतो: बहुतेक देखाव्यांना एक तोंड असतं. बघायची दिशा ठरलेली, थांबायची जागा ठरलेली आणि ‘चला, पुढे चला’ म्हणणारा स्वयंसेवक ठरलेला. चांगल्या मांडणशिल्पात वाट तुम्ही काढता. गुहेतून, किल्ल्यातून फिरवणारे देखावे असतात तिथे ही रेघही पुसट होते. मी तरी त्यावर वाद घालत बसणार नाही.

पांढऱ्या भिंतींचं दालन बरं की जुनी इमारत?

मी जुन्या इमारतीच्या बाजूचा. पांढरं दालन बाहेरचं सगळं विसरायला लावतं; जुनी इमारत स्वतःचं काहीतरी बोलत असते.

कोची-मुझिरिस बिएनाले (केरळात साधारण दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) १२ डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाली. ती सुरू करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. मुख्य जागा फोर्ट कोचीतलं अ‍ॅस्पिनवॉल हाउस, समुद्राला लागून असलेली जुनी व्यापारी वखार. भिंतींना ओल, खिडकीबाहेर जहाज सरकताना दिसतं, घाम पुसत माणूस काम बघतो.

२०१६ च्या बिएनालेची धुरा मुंबईचे सुदर्शन शेट्टी यांच्याकडे होती. त्यात चिलीचे कवी राऊल सुरिता यांचं ‘सी ऑफ पेन’ होतं. लांबलचक वखार, आणि जमिनीवर पोटऱ्यांच्या वर येईल एवढं समुद्राचं पाणी. पँट गुडघ्यावर दुमडायची, चपला हातात धरायच्या आणि चालायचं. बाजूच्या भिंतींवर प्रश्न: ऐकू येत नाही का, दिसत नाही का, अशा अर्थाचे. पलीकडच्या भिंतीवरचा मजकूर वाचायचा तर अख्खी वखार पाण्यातून पार करायला हवी. तो मजकूर गालिप कुर्दीविषयी. २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडलेल्या आयलान या छोट्या सीरियन मुलाचं छायाचित्र जगाने पाहिलं. नाव उलटून झालेल्या त्याच अपघातात त्याचा भाऊ गालिपही बुडाला, त्याचं असं छायाचित्र नाही. तुम्ही पाण्यात उभे राहून हे वाचता. पाणी कोमट असतं, पायाला थोडी रेती लागते, आणि परत जायलाही तेच पाणी असतं. हेच शब्द कोरड्या दालनात फ्रेम करून लावले असते तर किती जण शेवटपर्यंत गेले असते?

२०१८ मध्ये तिथेच शिल्पा गुप्ता यांचं काम होतं. शंभर लोखंडी सळ्या, प्रत्येकीवर खोचलेला कागद, त्यावर तुरुंगवास भोगलेल्या एकेका कवीच्या ओळी. वर शंभर मायक्रोफोन लटकलेले, पण त्यातून आवाज आत जात नाही, बाहेर येतो. ओळ एका मायक्रोफोनमधून निघते आणि बाकीचे ती उचलतात. वाचायचं तर सळीजवळ वाकायला लागतं, आणि टोक डोळ्यांपासून फार लांब नसतं.

पणजीतही डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या निमित्ताने जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीत कामं लागतात. एकेकाळच्या इस्पितळात माणूस आपोआप हळू चालतो. दालनात अशी चाल पैसे मोजूनही मिळत नाही.

मुंबईत असं काही झालंय का?

कितीतरी. नलिनी मलानी यांनी १९९२ मध्ये जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर तेव्हा असलेल्या गॅलरी केमोल्डच्या भिंतींवरच थेट चित्रं काढली. प्रदर्शन संपलं, भिंती पुन्हा पांढऱ्या. विकत घ्यायला काहीच उरलं नाही. चित्र पुसलं जाणार हे माहीत असलेला माणूस ते निराळ्याच डोळ्यांनी बघतो.

अनिश कपूर मुंबईत जन्मले, पण भारतात त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन २०१० मध्ये झालं: दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आणि मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत. स्टुडिओत तोफ होती. लाल मेणाचा गोळा भरायचा आणि कोपऱ्यात डागायचा. धप्प! कोपरा थरावर थर लाल होत जातो. दोन गोळ्यांच्या मधला वेळ मला जास्त आवडतो. सगळे दोरीमागे गप्प उभे, कोणी कानांवर हात ठेवून तयार.

मोबाइलने काही बदललं का?

हो. जपानी कलाकार यायोई कुसामाच्या आरशांच्या खोल्यांबाहेर तासन्‌तास रांगा लागतात आणि आत मिनिटभरही राहू देत नाहीत. एवढ्या वेळात माणूस फोटोच काढणार, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. काळोखाच्या कामांत मात्र एकाच्या मोबाइलचा उजेड सगळ्यांचा काळोख घालवतो. तिथे मी फोन बाहेर ठेवायला लावतो.

चौकात, रस्त्यावर मांडलं तर जागा कोणाची?

१९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात रिचर्ड सेरा यांची ‘टिल्टेड आर्क’ उभी राहिली: १२० फूट लांब, १२ फूट उंच, किंचित कललेली पोलादी भिंत, चौकाच्या मधोमध. रोज तिथून कामावर जाणाऱ्यांना वळसा पडायला लागला. तक्रारी, १९८५ मध्ये जाहीर सुनावणी, आणि मार्च १९८९ मध्ये एका रात्रीत भिंत कापून नेली. सेरांचं म्हणणं, ती त्या जागेसाठीच केलेली, हलवली म्हणजे नष्ट झाली. ते खरंच होतं. पण डबा घेऊन उन्हात वळसा घालणाऱ्या कारकुनाचंही खरं होतं, आणि त्या सुनावणीत मी असतो तर हात कोणाच्या बाजूने वर केला असता हे मी दर वर्षी बदलतो.

कॉलेजच्या हॉलमध्ये मांडणशिल्प करायचंय. सुरुवात कुठून करू?

रिकाम्या हॉलमध्ये तासभर बसा. लोक कुठून येतात, बॅगा कुठे टाकतात, पंख्याखाली कोण थांबतं, ऊन कुठवर सरकतं ते बघा. मग जमिनीवर मास्किंग टेपने मांडणी आखा आणि मित्रांना काहीही न सांगता त्यातून चालायला लावा. ते जिथे अडखळतील तिथे तुमचं काम आहे.

फॉल्स सीलिंगला वजन टांगू नका. प्लग पॉइंट आधी मोजा. व्हीलचेअर वळेल एवढी वाट ठेवा. अरुंद बोळच हवा असेल तर व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला काय मिळणार तेही ठरवा. आणि झाडूवाल्या मावशींना आदल्या दिवशी भेटून सांगा, की जमिनीवर पडलेलं ते कलाकृतीचं आहे. हे न सांगितल्याने काय होतं ते मी पाहिलंय.

साल्सेदोची ती भेग अजून आहे का?

बुजवली, पण व्रण राहिलाय. टर्बाइन हॉलमध्ये गेलात तर काँक्रीटवर वेडीवाकडी फिकट रेघ दिसेल. बहुतेक जण वर बघत तिच्यावरून निघून जातात.